एकाच छताखाली दोन शुल्के : महाविद्यालयाचा खर्च कोण उचलतो आणि कारभार कोण पाहतो?

बारावीचा निकाल जाहीर झाला की धर्मग्रामाच्या कार्यालयातील वर्दळ वाढते. कोणाला अल्पसंख्याक कोट्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला शिफारसपत्र, तर कोणाला व्हिन्सेंट दी पॉल संस्थेकडून शुल्कासाठी थोडाफार हातभार. या भेटींत एक प्रश्न आम्हाला दरवर्षी विचारला जातो. एकाच महाविद्यालयात, एकाच इमारतीत, शेजारच्या मुलीला कला शाखेसाठी काही हजार रुपये भरावे लागले आणि आमच्या मुलाला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी त्याच्या कितीतरी पट, हे कसे? संस्था नफा कमावते की काय? हा संशय कधी उघडपणे, तर कधी आडवळणाने व्यक्त होतो, आणि संस्था चर्चची असेल तर त्याला थोडी अधिक धार असते.

या प्रश्नाचे उत्तर महाविद्यालयाच्या शुल्क खिडकीवर मिळणार नाही. त्यासाठी आपल्या राज्यात उच्च शिक्षणाचा पैसा कोठून येतो आणि त्याचा कारभार कोणाच्या हाती असतो, हे समजून घ्यावे लागेल.

अनुदानाची पद्धत आपल्याकडे १८५४ साली आली. त्या वर्षीच्या चार्ल्स वुड यांच्या खलित्यात असे धोरण मांडले गेले की, सरकारने सर्वच शाळा-महाविद्यालये स्वतः न चालविता खाजगी संस्थांनी चालविलेल्या शिक्षणकार्याला आर्थिक साहाय्य द्यावे. तीन वर्षांनी, म्हणजे १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. प्रारंभीची कित्येक वर्षे हे विद्यापीठ शिकवीत नव्हते. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. येशूसंघीय धर्मगुरूंनी १८६९ मध्ये सुरू केलेले सेंट झेवियर्स महाविद्यालय याच व्यवस्थेत वाढले. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये उभे राहिले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था (१९१९) आणि विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुख यांची श्री शिवाजी शिक्षण संस्था (१९३२) यांनी ही गंगा खेड्यापाड्यांत नेली. मिशनरी असोत, राष्ट्रीय वृत्तीचे समाजधुरीण असोत वा बहुजन समाजाचे नेते असोत, सर्वांनी अंगीकारलेला मार्ग एकच होता : जमीन, इमारत व देखरेख संस्थेची, आणि चालू खर्चाचा मोठा भार शासनाचा.

आजही अनुदानित महाविद्यालयाचे अर्थकारण मूलतः असेच आहे. शासन ज्या पदांना मान्यता देते त्या पदांवरील प्राध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांचे वेतन राज्याच्या तिजोरीतून येते. हे काम उच्च शिक्षण संचालनालयाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयांमार्फत चालते. आपल्या कोकण विभागाचे कार्यालय पनवेल येथे आहे. मात्र इमारतीची डागडुजी, प्रयोगशाळेतील उपकरणे, स्वच्छतागृहे, वीज, पाणी, ग्रंथालयातील नवी पुस्तके यांसाठी मिळणारे साहाय्य अगदी तुटपुंजे असते व ते वेळेवर मिळेलच याची शाश्वती नसते. ती तोंडमिळवणी संस्थेने करायची. तरीही प्राध्यापकाचा पगार शुल्कातून द्यावा लागत नसल्याने अनुदानित तुकडीतील मुलामुलींचे शुल्क परवडण्याजोगे राहते. शेजारच्या त्या मुलीची पावती लहान आहे ती यामुळे.

मग दुसरी पावती मोठी का? त्यासाठी दोन वर्षे ध्यानात ठेवावी लागतात : १९८३ आणि २००१.

वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ मध्ये, राज्याने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. तोवर अभियंता होण्यासाठी मराठी मुलगा कर्नाटकात जाई आणि तेथे देणगी भरी. ते थांबावे आणि शासनाच्या तिजोरीवर ओझेही पडू नये, हा त्यामागील विचार. महाविद्यालये भराभर निघाली. त्यांपैकी काहींनी नाव कमावले, हे नाकारता येत नाही. पण देणगीचा रोग मात्र कर्नाटकातून उचलून आपल्याच अंगणात आला, आणि १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन शुल्कावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. चार वर्षांच्या आत असा कायदा लागावा यातच सर्व आले!

दुसरा टप्पा कमी गाजला. आमच्या मते सामान्य घरांवर त्याचा परिणाम अधिक खोल झाला. २००१ नंतर नवी महाविद्यालये, नव्या तुकड्या आणि नवे अभ्यासक्रम ‘कायम विनाअनुदान’ या अटीवरच मंजूर होऊ लागले. ‘कायम’ हा शब्द त्यात महत्त्वाचा. पूर्वी एखादी तुकडी काही वर्षे तग धरून राहिली की तिला टप्प्याटप्प्याने अनुदान मिळेल अशी आशा असे. ती आशाच काढून घेण्यात आली. ज्या काळात पहिल्यांदाच महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या मुलामुलींची संख्या झपाट्याने वाढत होती, व्यवस्थापन, माध्यमे, माहिती तंत्रज्ञान, हिशेब व वित्त असे रोजगाराशी जोडलेले अभ्यासक्रम सुरू होत होते, नेमक्या त्याच काळात शासनाने नव्या वाढीचा खर्च पालकांवर सोपविला. जुने ते अनुदानित आणि नवे ते विनाअनुदानित, अशी रेषा महाविद्यालयाच्या मधोमध आखली गेली. सकाळच्या सत्रात अनुदानित वर्ग, दुपारी त्याच बाकांवर स्वयंअर्थसाहाय्यित वर्ग. बाके तीच, फळा तोच. पण दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाचे मानधन, परीक्षेचा खर्च, प्रयोगशाळेचे साहित्य हे सारे मुलांच्या शुल्कातून.

आणि त्या शिक्षकाची स्थिती काय? तासिका तत्त्वावर नेमलेल्या प्राध्यापकाला घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे त्याच्यासाठी बिनपगारी महिने. पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन, पीएच.डी. करून चाळिशीला टेकलेले असे तरुण, ‘तरुण’ म्हणायचे ते केवळ सौजन्याने, आपल्या धर्मग्रामांतही आहेत. हा प्रकार विनाअनुदानित वर्गांपुरता राहिलेला नाही. अनुदानित विभागातही निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही, कारण पदभरतीला शासनाची, त्यातही वित्त विभागाची, मान्यता लागते. अधूनमधून काही पदांना परवानगी मिळते, तोवर आणखी काही प्राध्यापक निवृत्त झालेले असतात. त्यामुळे कागदावर ‘अनुदानित’ असलेला विभाग प्रत्यक्षात तासिकांवरच तगून असल्याची उदाहरणे ठायीठायी आढळतात.

केंद्र सरकार यात काय करते, असाही प्रश्न येतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत गेला, आणि उच्च शिक्षणाचा दर्जा व समन्वय हे तर मुळातच केंद्राचे क्षेत्र. त्यामुळे प्राध्यापकाची पात्रता, वेतनश्रेणी, पदवीची वर्षे हे विद्यापीठ अनुदान आयोग ठरवितो. खर्चाचा बहुतांश भार मात्र राज्य वाहते. सातव्या वेतन आयोगाचे उदाहरण घ्या : सुधारित वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, वाढीव भाराचा निम्मा वाटा केंद्राने उचलला तो ३१ मार्च २०१९ पर्यंतचाच. त्यापुढचा सर्व राज्याचा. केंद्राच्या थेट निधीवर चालणारे केंद्रीय विद्यापीठ महाराष्ट्रात एकच आहे, ते म्हणजे वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. बाकीच्या राज्य विद्यापीठांना २०१३ नंतर राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानातून साठास चाळीस या प्रमाणात काही निधी मिळाला, पण तो बहुधा इमारती आणि उपकरणे यांसाठी. रिकाम्या पदांवर माणूस बसवायला तो उपयोगी नव्हे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्चावेत असे सुचविले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला. मधल्या चौपन्न वर्षांत तो गाठला गेला नाही, हे त्या पुनरुक्तीतूनच स्पष्ट होते.

शुल्कावर नियंत्रण कोणाचे?

सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाद्वारे जो निर्णय दिला, तो या क्षेत्रातील पायाचा दगड मानला जातो. विनाअनुदानित संस्थेला आपले शुल्क ठरविण्याचा अधिकार आहे, विकासासाठी वाजवी शिल्लक राखण्याचीही मुभा आहे, पण नफेखोरी व कॅपिटेशन शुल्क चालणार नाही, असे त्याचे सार. पुढे २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात न्यायालयाने हे सूत्र अधिक स्पष्ट केले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा करून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्क नियामक प्राधिकरण नेमले. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय, विधी, शिक्षणशास्त्र अशा अभ्यासक्रमांच्या विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क हे प्राधिकरण संस्थेचा खर्च तपासून ठरविते. मंजूर शुल्काचा आकडा जाहीर असतो. प्रवेशाच्या वेळी कोणी त्याहून अधिक मागितले, तर पालकांनी तो आकडा समोर ठेवावा. मुकाट्याने पैसे भरून नंतर धर्मगुरूंकडे तक्रार करण्यात अर्थ नाही.

शुल्काच्या ओझ्याखाली दबलेल्या कुटुंबांना राज्याने सवलतीही दिल्या आहेत. त्यांपैकी अलीकडची मोठी सवलत मुलींसाठी आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्वी पन्नास टक्के सवलत होती. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ती शंभर टक्के करण्यात आली. येथे आमच्या वाचकांनी एक बाब नीट समजून घ्यावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक हा प्रवर्ग धर्मावर आधारलेला नाही. जे कुटुंब अन्य कोणत्याही आरक्षित प्रवर्गात मोडत नाही आणि उत्पन्नाच्या व अन्य निकषांत बसते, ते ख्रिस्ती असले तरी या प्रवर्गाचे प्रमाणपत्र मागू शकते. ‘ते आपल्यासाठी नाही’ असे गृहीत धरून तहसील कार्यालयाची पायरी न चढणारे पालक आम्ही पाहिले आहेत. मात्र ही सवलत शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांनाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, किंवा खाजगी अथवा अभिमत विद्यापीठात घेतला, तर ती मिळत नाही. शिवाय शासनाकडून शुल्काची प्रतिपूर्ती वेळेत न आल्याने संस्था अडचणीत येतात व विद्यार्थ्याला तगादा लावतात, हा अनुभव वारंवार येतो. शासनाने दिलेल्या सवलतीची वसुली शासनाच्या विलंबामुळे पालकाकडून व्हावी, हे न्यायाला धरून नाही.

अल्पसंख्याक संस्थांविषयीचा गैरसमजही येथे दूर करणे इष्ट. संविधानाच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे, आणि अनुदान देताना शासनाने संस्था अल्पसंख्याकांची आहे या कारणास्तव भेदभाव करू नये, असेही तेथे म्हटले आहे. तथापि, अनुदान मिळणे हा मूलभूत हक्क नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. म्हणजे इतरांना दिले तर आपल्यालाही द्या, असे म्हणता येते. कोणालाच दिले नाही तर मात्र आपलाही दावा उभा राहत नाही. ‘कायम विनाअनुदान’ धोरणाला धर्म नाही. त्याने सर्व समाजांच्या संस्थांना सारखेच बाहेर ठेवले. चर्चच्या महाविद्यालयातही दोन पावत्या दिसतात त्याचे कारण हेच.

कुलपती, मंत्री आणि रिकामी अधिसभा

आता कारभाराकडे वळू. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठे आज महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये चालतात. १ मार्च २०१७ पासून त्याने १९९४ च्या कायद्याची जागा घेतली. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. शोध समिती किमान पाच नावे सुचविते व त्यांतून कुलपती पाच वर्षांसाठी कुलगुरू नेमतात. यावर राजकीय रस्सीखेच होतेच. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एक दुरुस्ती विधेयक संमत केले. त्यात उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना प्र-कुलपती करण्याची आणि शासनाने सुचविलेल्या दोन नावांतूनच राज्यपालांनी निवड करावी अशी तरतूद होती. राज्यपालांची स्वाक्षरी झाली नाही आणि २०२२ मध्ये सत्तांतरानंतर ते मागे घेण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कुलगुरूंच्या नेमणुकीविषयी नियमांचा नवा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा केरळ, तामिळनाडू आदी राज्यांनी हा राज्यांच्या अधिकारांवर घाला असल्याची हरकत घेतली. कुलगुरूंच्या नेमणूकपत्रावर अंतिम शब्द कोणाचा, यासाठी जेवढी ऊर्जा खर्च होते त्याच्या दशांश तरी रिकाम्या पदांसाठी झाली असती तर बरे झाले असते.

वास्तविक कायद्याने आर्थिक बाबतीत सर्वांत महत्त्वाचे स्थान दिले आहे ते अधिसभेला. विद्यापीठाचे वार्षिक अंदाजपत्रक संमत करणारे आणि समाजाच्या वतीने विद्यापीठाला जाब विचारणारे हे व्यासपीठ. तिच्यात प्राचार्य, प्राध्यापक, संस्थाचालक यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. आणि दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या, त्यांपैकी पाच खुल्या व पाच राखीव.

अधिसभा नसली की काय होते, हे २०१७ मध्ये मुंबईने अनुभवले. विद्यापीठाने त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना एकाएकी अमलात आणला. निकाल महिनोनमहिने रखडले, उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाली, परदेशी वा अन्य विद्यापीठांत प्रवेश मिळालेली मुले टांगणीला लागली. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी तत्कालीन कुलगुरूंना पदावरून दूर केले. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासातील ही पहिलीच घटना. त्या वेळी विद्यापीठात निवडून आलेली अधिसभाच नव्हती. जुनीची मुदत संपली होती, नव्या कायद्याची वाट पाहत निवडणुका लांबल्या होत्या, आणि पदवीधरांची निवडणूक झाली ती २०१८ मध्ये. कंत्राट देण्यापूर्वी ‘याची चाचणी कोठे झाली?’ एवढे विचारायला सभागृहात कोणी नव्हते. अधिसभा असती तर सर्व अनर्थ टळलाच असता असा आमचा दावा नाही. पण प्रश्न वेळेवर विचारला गेला असता.

पुढची पदवीधर निवडणूकही वादांत व न्यायालयात अडकून सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढ्या विस्तीर्ण क्षेत्रातील, आठशेहून अधिक महाविद्यालये असलेल्या या विद्यापीठाच्या लाखो पदवीधरांपैकी मतदार म्हणून नोंदलेले होते तेरा हजारांच्या आसपास. त्यांतील निम्म्याहून थोड्या अधिकांनी मतदान केले. दोन्ही निवडणुकांत सर्वच्या सर्व दहा जागा एकाच राजकीय पक्षाच्या युवा संघटनेने जिंकल्या. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी नोंदणी केली, इतरांनी केली नाही.

पदवी मिळाली म्हणजे नाव आपोआप या यादीत येत नाही. विद्यापीठाने नोंदणीची अधिसूचना काढली की पदवी प्रमाणपत्राच्या प्रतीसह अर्ज करावा लागतो व नाममात्र शुल्क भरावे लागते. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात मुंबई विद्यापीठाचे पदवीधर शेकड्यांनी आहेत. त्यांतील किती जण या यादीत असतील, याचा अंदाज वाचकांनी स्वतःच्या घरापासून घ्यावा.

याहून जवळचे एक दालन महाविद्यालयातच आहे. २०१६ च्या कायद्याने प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती नेमणे बंधनकारक केले आहे. संस्थेचे अध्यक्ष वा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, निवडून आलेले तीन प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी यांच्यासह तिच्यात चार स्थानिक सदस्य असतात. ते शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतून घ्यायचे आणि त्यांत किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. महाविद्यालयाचे अंदाजपत्रक याच समितीपुढे येते. विनाअनुदानित वर्गांतून किती शुल्क जमा झाले, त्यातील किती तासिका-शिक्षकांच्या मानधनावर खर्च झाले आणि किती इमारतीच्या रंगावर, हे विचारण्याची योग्य जागा ती आहे. समितीच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात. अनेक महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर सदस्यांची नावे प्रसिद्ध केलेली असतात. आपल्या मुलाच्या महाविद्यालयात ते चार स्थानिक सदस्य कोण आहेत, हे पालकांना तेथे पाहता येईल, आणि तेथे नसल्यास प्राचार्यांच्या कार्यालयात विचारता येईल.